बदललेल्या तेवढ्याच

बिनचूकराव ज्या कामाला हात घालतात ते काम, हात घालण्यापूर्वी, अगदी लहान असतं. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलायला बसले होते तेव्हाही ते लहानच होतं. शेवटी खालच्या बिऱ्हाडाचं छत रंगवून द्यावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

त्यांचं खरं नाव आता कुणी घेत नाही. पाणीपुरवठा खात्यात ते मीटर तपासणीला आहेत. कुठलंही काम सांगा, "बिनचूक करू" हे त्यांचं उत्तर ठरलेलं, म्हणून खात्यानं त्यांचं हे बारसं केलं. ते चेष्टेनं केलंय हे सांगायचा धीर आजवर कुणाला झालेला नाही, त्यामुळे बिनचूकराव ही पदवी समजून वापरतात.

या वेळचं काम बायकोनं सांगितलं. बायकोला सगळी इमारत 'बाई' म्हणते, कारण त्या दुपारी शिवणाचा वर्ग घेतात, आणि घरातही तेच नाव रुळलं. तर बाई पुस्तक लिहीत होत्या. फाटलेलं, उसवलेलं, आखूड झालेलं कापड टाकून न देता पुन्हा अंगावर कसं आणायचं, याचं पुस्तक. नाव 'जुन्याचे नवे'. एका प्रकाशकाची घरकामाच्या पुस्तकांची मालिका होती. वर्षातून एकदा पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं आणि त्यात मालिकेतलं एक नवं पुस्तक निघायचं. एकच. यंदाची जागा बाईंची होती. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं. एक तरी गोष्ट माझ्या मापाची होऊ दे," असं बाई म्हणाल्या होत्या. त्या हे एकदाच म्हणाल्या. बाई कुठलीच गोष्ट दोनदा म्हणत नाहीत.

त्यांची लिहायची रीतही शिवायच्या रीतीसारखीच होती. आधी सगळे तुकडे कापून घ्यायचे, मग मशीनवर बसायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी बावीस प्रकरणांच्या बावीस फायली करून ठेवल्या. काज, चेन, कॉलर, खिसा, रफू. प्रत्येकीत मथळा, चार-दोन ओळी आणि एखादी आकृती. मग रोज सकाळी आतल्या खोलीचं दार लोटून एकेक फाईल भरायला बसायच्या. अशाच एका सकाळी, कॉलर अर्धी झालेली असताना, कॉम्प्युटर गोठला. थोड्या वेळानं आपला आपण सुरूही झाला, पण तेवढ्यात बाईंच्या जिवाचं पाणी झालं. संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, या फायलींची एक प्रत रोज बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ठेवत जा. एवढंच."

आता 'एवढंच' हा शब्द बिनचूकरावांना मुळात सोसत नाही. रोज उठून बावीसच्या बावीस फायली इकडून उचलायच्या आणि तिकडे टाकायच्या, हे त्यांच्या मते हमालाचं काम. मीटर तपासणारा काय रोज गल्लीतली सगळी मीटरं उपटून ऑफिसात आणतो? जिथं आकडा हललाय तिथलाच टिपतो ना? मग ज्या फाईलला कुणी हातही लावला नाही तिला कशाला उगाच हलवायची? ठरलं. बदललेल्या तेवढ्याच न्यायच्या.

समोरच्या दारात केमिस्ट राहतात. दुकानात गोळीबरोबर सल्ला फुकट द्यायची सवय, ती घरी आल्यावरही सुटत नाही. बेत ऐकून ते दारातूनच म्हणाले, "बिनचूकराव, माउस धरायचा. सगळ्या फायली वेढायच्या, ओढायच्या, सोडायच्या. झालं. चहा निवायच्या आत होतं."

"आणि न बदललेल्या?"

"त्याही जातात की. त्यांनी काय घोडं मारलंय?"

"केमिस्टसाहेब, सर्दी झालेल्या माणसाबरोबर तुम्ही अख्ख्या इमारतीला गोळ्या देता का?"

केमिस्ट नुसते हसले. खरं तर त्यांना तसं करायला आवडलं असतं.

बिनचूकरावांनी पुस्तकं धुंडाळली, ऑफिसात दोघांना विचारलं आणि त्यांना कमांडचा शोध लागला. काळी खिडकी उघडायची, त्यात आपल्या हातानं एक ओळ लिहायची: आधी नक्कल करण्याचा हुकूम, मग कुठून न्यायचं, मग कुठं ठेवायचं, आणि शेवटी एक तिरकी रेघ नि त्यापुढे 'डी' हे अक्षर. हे शेवटचं अक्षर सगळं काम करतं. ते दोन्हीकडच्या फायलींच्या तारखा ताडून बघतं. इकडची नवी असेल तरच उचलतं, नसेल तर हात लावत नाही. आणि शेवटी किती फायली नेल्या तो आकडा खाली लिहितं. आकडा म्हटल्यावर बिनचूकरावांना भरून आलं. बिनचूकरावांचं सगळं आयुष्य आकड्यांवर विश्वास ठेवण्यात गेलंय.

पण कमांड चालायला आधी दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसायला हवेत. बाईंच्या कॉम्प्युटरची पेनड्राइव्ह लावायची जागा केव्हाच निकामी झालेली, म्हणून केबल टाकायचं ठरलं. आणि बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर ऑफिसनं मोडीत काढलेला. बिनचूकरावांनी तो लिलावात घेतला होता, पाठीवर पांढऱ्या रंगात खात्याचा नंबर अजून शाबूत होता. त्यावर फोल्डर जोडायला गेले तर यंत्र म्हणालं, परवानगी नाही. पासवर्ड खात्याच्या संगणक विभागाकडे. संगणक विभाग म्हणाला, अर्ज करा, विभागप्रमुखांमार्फत. विभागप्रमुख रजेवर होते आणि त्यांचा कार्यभार त्या आठवड्यात होता खुद्द बिनचूकरावांकडे. म्हणजे त्यांचा अर्ज त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो नीट वाचला. लिलावाच्या पावतीची प्रत जोडलेली नव्हती. त्यांनी 'सोबतचे कागद अपूर्ण, अर्ज परत' असा शेरा मारला, आणि शिपायानं तो अर्ज उजवीकडच्या ट्रेमधून उचलून डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवला. शिपाई म्हणाला, "साहेब, पावती तर तुमच्या खिशातच आहे." बिनचूकराव म्हणाले, "खिशात असेल. अर्जाला नाहीये." दुसऱ्या वेळी त्यांनी अर्ज मंजुरीला पुढे पाठवला, पण यापुढे काळजी घ्यावी अशी समज देऊन.

पासवर्ड मिळाला. मग केबल. ती आतल्या खोलीतून निघून बोळातून बाहेरच्या खोलीत यायची होती, पण दुकानदारानं वीतभर कमी दिली. त्यामुळे बोळात ती घोट्याएवढ्या उंचीवर ताणून उभी राहिली. पहिल्याच संध्याकाळी केमिस्ट सल्ला द्यायला म्हणून आत शिरले आणि त्यांच्या अंदाजापेक्षा बरेच लवकर बाहेरच्या खोलीत पोचले. दुसऱ्या दिवशी ते गुडघ्याला पट्टी बांधून आले. "घरचंच दुकान आहे म्हणून बरं," एवढंच म्हणाले, पण ते ज्या सुरात म्हणाले तो सूर बिनचूकरावांच्या मनाला लागला.

त्यानंतरही कमांड चालेना. फोल्डरला पुस्तकाचंच नाव, त्यात दोन शब्द, मधे मोकळी जागा. काळ्या खिडकीला वाटायचं, ही दोन निरनिराळी नावं आहेत, आणि ती गोंधळून काम सोडून द्यायची. नावाला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावली तेव्हा तिची समजूत पटली. "एका मोकळ्या जागेनं केवढा घोळ होतो बघ," असं बिनचूकराव बाईंना म्हणाले. बाई बटणं लावत होत्या. त्या "हं" म्हणाल्या. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. बिनचूकरावांनी ठेवलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी बोट बटणावर पडलं आणि खाली आकडा उमटला: बावीस. दुसऱ्या संध्याकाळी तीन. तिसऱ्या संध्याकाळी दोन. बाईंना विचारलं, आज किती प्रकरणांना हात लावला, तर म्हणाल्या, "दोन. का?" बिनचूकरावांनी केमिस्टना मुद्दाम बोलावून तो दोनचा आकडा दाखवला. केमिस्ट गुडघा चोळत म्हणाले, "माउसनं बावीस गेल्या असत्या." बिनचूकराव म्हणाले, "तेच तर."

त्या आनंदात त्यांनी आणखी एक पुण्य पदरात पाडून घेतलं. त्यांचे वडील, आप्पा, कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, चालणं सावकाश, दुपारची झोप झाली की करायला काही नाही. बिनचूकरावांनी त्यांना बाहेरच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि फाईल कशी उघडायची, कशी वाचायची, कशी मिटायची ते शिकवलं. "आणि आप्पा, मिटताना सेव्ह करायचं. चुकायचं नाही. काही केलं नसलं तरी करायचं. सवय लागते." आप्पा म्हणाले, "बरं." आप्पांनी आयुष्यात वरिष्ठांचा एकही आदेश मोडला नव्हता, आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत मुलगा वरिष्ठ होता.

त्यानंतरच्या संध्याकाळी आकडा आला शून्य.

बिनचूकरावांना आधी कौतुकच वाटलं. काही बदललं नाही तर काही न्यायचं नाही, याला म्हणतात शिस्त. बाईंनी आज सुट्टी घेतली असेल. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. आठवडा उलटला तरी शून्यच. सकाळी आतल्या खोलीचं दार लोटलेलं, आतून बटणांचा आवाज येतोय, आणि संध्याकाळी आकडा शून्य. बिनचूकराव गंभीर झाले. बटणांचा आवाज म्हणजे काय पुरावा झाला? नोकरीत त्यांनी अशी शेकडो घरं पाहिली होती. मालक सांगतो पाणी धो धो येतंय, आणि मीटर बघावं तर काटा जागचा हललेला नाही. माणूस काय, काहीही बोलतो. आकडा बोलत नाही.

आणि मग त्यांना उमगलं. बाईंना लिहायला जमत नव्हतं. त्या बिचाऱ्या रोज आत जाऊन बसत होत्या, काहीतरी बडवत होत्या आणि पुसून टाकत होत्या. आणि अभिमानी स्वभाव, त्यामुळे तोंडातून अवाक्षर काढत नव्हत्या. बिनचूकरावांचं बाईंवर फार प्रेम आहे. ते त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नाही, कारण त्याचा आकडा काढता येत नाही.

त्यांनी ठरवलं की आपणही अवाक्षर काढायचं नाही, फक्त भार हलका करायचा. ते सकाळी चहा करून आत नेऊन ठेवू लागले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे चुकूनही नजर जाऊ नये म्हणून भिंतीकडे बघत परत येऊ लागले. भांडी घासू लागले. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागले, बिनचूक, चारी कोपरे जुळवून. बाई रात्रीच्या जेवणाला "आज चेनचं प्रकरण झालं बाई एकदाचं" म्हणाल्या तर ते मायेनं म्हणायचे, "असू दे. होईल हळूहळू." बाई त्यांच्याकडे बघत राहायच्या.

मन मोकळं करायला कुणीतरी लागतंच. त्यांनी ते केमिस्टपाशी केलं, आणि कुणाला सांगू नका असं बजावलं. केमिस्टनी ते फक्त आपल्या बायकोला सांगितलं. केमिस्टीणबाई शिवणाच्या वर्गाला येतात. झालं, चार दिवसांत वर्गातल्या सगळ्या बायका पुस्तकाचा विषय निघाला की कात्र्या शोधू लागल्या. केमिस्टनी टॉनिकची एक बाटली आणून दिली. "मेंदूला शीण आला की असं होतं. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. आणि एक सांगू? प्रकाशकाला आधीच कळवून ठेवा. ऐनवेळी नाही म्हणायची पाळी आली तर वहिनींची अब्रू जाईल. त्यांच्या तोंडून कशाला? तुम्हीच सांगा, हळुवारपणे."

हा केमिस्टांचा एकमेव सल्ला बिनचूकरावांनी ऐकला. ऑफिसातून फोन करून ते प्रकाशकाला हळुवारपणे म्हणाले की बाईंच्याकडून सध्या एक ओळही होत नाहीये, आकड्यांवरून खात्री करून घेतलीय, आणि कृपया हे त्यांच्याजवळ बोलू नये. प्रकाशकानं हळहळ व्यक्त केली आणि फोन ठेवून लगेच 'कुंडीतली बाग' नावाच्या पुस्तकाच्या लेखकाला फोन लावला.

इकडे बाईंची निराळीच तारांबळ चालली होती. नवरा न सांगता भांडी घासतोय, समोरून टॉनिक येतंय, वर्गात सगळ्या आपल्याकडे बघून उसासे टाकतायत. बाईंनी काय समजायचं? त्यांना वाटलं, नवऱ्याला डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलंय आणि तो लपवतोय. त्यांनी टॉनिकची बाटली पुन्हा नवऱ्याच्याच बाजूला सरकवली. काही दिवस दोघंही एकमेकांना मोठ्या प्रेमानं तेच टॉनिक पाजत होते. आणि काय वाईट व्हायचंय ते व्हायच्या आत पुस्तक हातावेगळं करावं म्हणून बाई दुप्पट वेगानं लिहीत होत्या. रफूचं शेवटचं प्रकरण त्यांनी संपवलं त्याच दुपारी प्रकाशकाचा फोन आला.

"बाई, तब्येत कशी आहे? मुळीच मनाला लावून घेऊ नका," प्रकाशक म्हणाला. त्याला बोलू नका म्हणून सांगितलेलं होतं, म्हणूनच त्याला राहवलं नाही. "यंदा आपण कुंडीतली बाग घेतोय. लिहिणं अडतं, मोठमोठ्यांचं अडतं. तुमच्या यजमानांनी सगळं सांगितलंय."

बाईंनी फोन ठेवला. मग बिनचूकरावांच्या ऑफिसात फोन केला आणि म्हणाल्या, "घरी या."

बिनचूकराव अर्धा दिवस रजा टाकून आले. बाईंनी त्यांचा हात धरून आतल्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि एकेक फाईल उघडून दाखवली. काज, पूर्ण. चेन, पूर्ण. कॉलर, खिसा, रफू, बावीसच्या बावीस, आकृत्यांसकट. बिनचूकराव एका फायलीतून दुसऱ्या फायलीत बघत राहिले. त्यांच्या तोंडातून एवढंच निघालं, "पण आकडा शून्य होता."

"कसला आकडा?"

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, केमिस्टपासून प्रकाशकापर्यंत. शेवटी बाई म्हणाल्या, "महिनाभर तुम्ही मला कीव करत चहा पाजलात."

"कीव नव्हे गं. काळजी."

"सगळ्या इमारतीला सांगितलंत. प्रकाशकाला सांगितलंत. मी रोज जेवताना सांगत होते काय काय झालं ते, त्यावर विश्वास नाही बसला. त्या काळ्या खिडकीतल्या शून्यावर बसला." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि बिनचूकरावांना तेच सोसेना. "मला सांगा, खात्यात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी तुम्ही त्याला काय शिकवता? इथं बसून शंभर वेळा ऐकवलंयत मला."

बिनचूकराव खाली मान घालून म्हणाले, "शून्य दिसलं की आधी मीटर तपासा, मग माणूस."

"तपासलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाई म्हणाल्या, "आणि एवढी काळजी होती, तर एकदा एखादी फाईल उघडून बघावीशी नाही वाटली? मी काय लिहितेय ते वाचावंसं?"

बावीस फायली बिनचूकरावांनी महिनाभर रोज मोजल्या होत्या. उघडली एकही नव्हती.

मीटर तपासायला दोघं बाहेरच्या खोलीत आले. आप्पांची झोप नुकतीच झाली होती आणि ते कॉम्प्युटरसमोर चष्मा पुसत बसले होते. दोघं मागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर बावीस फायलींची रांग होती आणि प्रत्येकीसमोर कालची तारीख. सगळ्यांना एकच तारीख. आप्पांनी पहिली फाईल उघडली. सावकाश वरपासून खालपर्यंत वाचली. मग शेवटच्या शब्दापुढे जाऊन मोकळ्या जागेचं लांब बटण एकदा दाबलं, फाईल सेव्ह केली आणि मिटली. तिच्यासमोर आजची तारीख आली. आप्पा दुसऱ्या फायलीकडे वळले.

"आप्पा," बिनचूकराव म्हणाले, "शेवटी काय दाबलंत?"

"स्पेस."

"ती कशाला?"

"सही आहे ती." आप्पांनी चष्मा काढला. "आमच्या रेकॉर्ड रूमला नियम होता. फाईल काढायची, वाचायची, 'पाहिली' म्हणून सही करायची, तारीख घालायची. बरेच दिवस सही नसली की छाननीत निघायची आणि छाननीत निघाली की रद्दीत. चांगल्या चांगल्या फायली गेल्या माझ्यादेखत. कुणी बघितल्या नाहीत म्हणून गेल्या. सूनबाईचं पुस्तक तसं जायला नको. इथं सही करायला जागा नाही, म्हणून एक स्पेस देतो. कुणाला दिसत नाही, पण तारीख येते."

"पण आप्पा, रोज?"

"घरचं काम आहे. रोज केलं."

"आणि सेव्ह?"

"तूच म्हणालास. काही केलं नसलं तरी सेव्ह करायचं. चुकायचं नाही."

सगळं स्पष्ट झालं. बाई सकाळी आत लिहायच्या. आप्पा दुपारी बाहेरच्या जुन्या प्रतींवर ताजी तारीख चढवायचे. संध्याकाळी कमांड दोन्हीकडच्या तारखा ताडायची, बाहेरच्याच नव्या दिसायच्या, आणि ती बाईंच्या फायलींना हातही लावायची नाही. कमांडचं काही चुकलं नव्हतं. आप्पांचंही काही चुकलं नव्हतं. राहता राहिला कोण, ते बिनचूकरावांना कळलं.

आप्पा सुनेकडे वळले. "तुला एक विचारायचं होतं. महिनाभर तेच तेच वाचतोय. खिशाच्या प्रकरणात 'खिसा उलटा करून' इथं वाक्य तुटलंय. पुढं काय करायचं ते येतच नाही. मला वाटलं, तुला जमत नसेल. मग म्हटलं, कशाला बोलून दाखवा. आज ना उद्या येईल. म्हणून रोज बघत होतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात हसूही आलं, आणि त्यांना दोन्ही एकदम आवरेना. महिनाभर आपलं पुस्तक कुणीतरी रोज वाचत होतं, अर्धवट, तुटलेलं, आणि पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत होतं. त्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आलंय आप्पा. केव्हाच आलंय. आत आहे."

पण आधी प्रकाशक. बिनचूकरावांनी फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्याला सांगायचं होतं की माझा आकडा चुकला. ते वाक्य त्यांनी मनात दोन-तीनदा जुळवलं आणि शेवटी एका दमात म्हणाले, "साहेब, बाईंचं पुस्तक पूर्ण आहे. चूक माझी. मीटर अडकलं होतं, मी तपासलं नाही." प्रकाशक म्हणाला की कुंडीतल्या बागेच्या लेखकाचीही निम्म्याहून जास्त झाडं अजून लावायचीच आहेत. आज कार्यालय बंद व्हायच्या आत पूर्ण पुस्तक पेनड्राइव्हवर माझ्या टेबलावर आलं, तर जागा बाईंची. उद्या नाही.

बिनचूकराव घड्याळाकडे बघत धावतच आतल्या खोलीत गेले, तर बाईंनी त्यांना दारातच अडवलं. आत त्यांच्या खुर्चीवर आप्पा बसले होते.

"आधी आप्पा बघतील," बाई म्हणाल्या.

"अगं, बावीस प्रकरणं आहेत. उशीर होईल."

"होऊ दे. महिनाभर थांबलेत ते."

आप्पा वाचत होते. एक फाईल संपली की शेवटी जाऊन स्पेस, सेव्ह, पुढची. बाई शेजारी उभ्या होत्या, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिल्यासारख्या. खिशाच्या प्रकरणाशी आप्पा जरा जास्त वेळ थांबले, पुढं सरकले, पुन्हा मागं येऊन वाचलं, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. बिनचूकराव बोळात येरझारा घालत होते आणि दर फेरीला केबलवरून पाय उचलत होते. रफू संपलं. आप्पांनी शेवटची स्पेस दिली, चष्मा मिटून ठेवला आणि म्हणाले, "पाहिली."

बिनचूकराव बाहेरच्या कॉम्प्युटरसमोर बसले. पेनड्राइव्ह तिथंच लागत होती. त्यांनी निमूटपणे माउस हातात घेतला. केमिस्ट दारात उभे राहून बघत होते, आणि जन्मात पहिल्यांदा ते काही बोलत नव्हते, हा त्यांचा मोठेपणा. बिनचूकराव फायलींना वेढा घालणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "कमांडच चालवा. महिनाभर रिकामी चालवलीत, आज एकदा कामाची चालवा."

"शून्य येईल गं. तारखा..."

आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांनी आत्ता सह्या आत केल्या होत्या. सगळ्यांत नव्या तारखा आता आतल्या होत्या. त्यांनी काळी खिडकी उघडली, ओळ लिहिली, तिरकी रेघ, डी, आणि बटण दाबलं. फायलींची नावं सरसर वर सरकली आणि खाली आकडा आला: बावीस.

"आला," केमिस्ट दारातून म्हणाले.

फायली पेनड्राइव्हवर गेल्या, पेनड्राइव्ह खिशात गेली. बाई पायात चपला सरकवून दाराशी उभ्या राहिल्या. "चला. कार्यालय बंद होईल."

पण बिनचूकराव उठेनात. "एक मिनिट. मीटर तपासतो," ते म्हणाले आणि त्यांनी एक फाईल उघडली. कुठली उघडावी हे न ठरवता उघडली आणि ती निघाली खिशाची. ते वाचू लागले. 'खिसा उलटा करून आधी धूळ झटकावी,' असं तिथं लिहिलं होतं. त्याखाली आकृती होती: शर्टाच्या खिशाचा उसवलेला डावा कोपरा, आणि खिशात ओळीनं चार पेनं. त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, 'काही माणसांना सगळं बिनचूक लागतं. ती एका पेनावर विसंबत नाहीत, चार बाळगतात. त्यांचा खिसा नेहमी याच कोपऱ्यात उसवतो. अशा खिशाला आतून एक जादा पट्टी द्यावी, आणि ती दिल्याचं त्यांना सांगू नये.'

बिनचूकरावांनी आपल्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली. चार पेनांच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, आतून एक पट्टी लागली. ती किती वर्षं तिथं होती कोण जाणे.

ते तेवढ्या ओळी पुन्हा एकदा वाचून गेले. मग शेवटच्या शब्दापुढे गेले, आणि त्यांचं बोट त्या लांब बटणाकडे वळलं.

"अहो," बाई दारातून म्हणाल्या, "दाबू नका. पुन्हा शून्य येईल."